गोळी 74 रुपयांची: नेक्साव्हरचा सक्तीचा परवाना आणि फॉर्म 27

यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेला की सोराफेनिब टोसायलेट हे औषध दिले जाते. बायर कंपनी ते 'नेक्साव्हर' या नावाने विकते. 200 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी आणि दोन संध्याकाळी, म्हणजे दिवसाला चार, या हिशेबाने महिन्याला 120 गोळ्या लागतात. 2011 साली भारतात या 120 गोळ्यांची किंमत 2,80,428 रुपये होती, म्हणजे एका गोळीला साधारण 2,337 रुपये पडत होते. 9 मार्च 2012 रोजी पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईत एक आदेश काढला आणि हैदराबादच्या नॅटको फार्मा या कंपनीला तेच औषध बनवून महिन्याला जास्तीत जास्त 8,880 रुपयांत विकण्याची मुभा दिली. त्या दिवसापासून नॅटकोच्या गोळीची कमाल किंमत 74 रुपये ठरली.

पेटंटधारकाची संमती नसताना दुसऱ्या उत्पादकाला दिलेल्या अशा परवान्याला सक्तीचा परवाना म्हणतात. 2005 मध्ये भारतात औषधांवर उत्पादन-पेटंट सुरू झाल्यानंतर दिला गेलेला हा पहिला सक्तीचा परवाना होता, आणि पेटंट कायद्याच्या कलम 84 खाली औषधासाठी दिलेला तो आजवरचा एकमेव परवाना आहे. या प्रकरणावर बरेच लिहिले गेले आहे, पण बहुतेक लेखनाचा भर आरोग्याचा हक्क विरुद्ध संशोधनाचा मोबदला या मोठ्या वादावर असतो. माझ्या वाचनात प्रकरणाचा निकाल त्या वादावर लागलेला नाही. तो लागला तो पेटंटधारकाने त्या काळी दरवर्षी भरायच्या फॉर्म 27 या एका साध्या विवरणपत्रातील आकड्यांवर. आणि पुढे आंतरराष्ट्रीय व्यापारातील दबावाने काय साधले हे पाहायचे असेल, तर नजर त्याच विवरणपत्रावर ठेवावी लागते.

पेटंट आणि पहिली तीन वर्षे

1970 च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट देणे बंद केले होते. पेटंट मिळे ते औषध बनवण्याच्या प्रक्रियेला. दुसरी प्रक्रिया शोधून तेच औषध बनवण्यास मोकळीक होती आणि भारतातील जेनेरिक उद्योग याच मोकळिकीवर उभा राहिला. 1 जानेवारी 1995 रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, तिच्यासोबत बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार आला, आणि त्यातील सवलतीची दहा वर्षे संपल्यावर 1 जानेवारी 2005 पासून भारताला औषधांवरही 20 वर्षांचे पेटंट देणे भाग पडले. कायदा दुरुस्त करताना संसदेने सक्तीच्या परवान्याची तरतूद मात्र जपली. ती ट्रिप्सच्या अनुच्छेद 31 ला धरून आहे, आणि 14 नोव्हेंबर 2001 च्या दोहा घोषणापत्रात सर्व सदस्य देशांनी मान्य केले होते की असे परवाने देण्याचा आणि ते कोणत्या कारणांसाठी द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे.

बायरने भारतात 2001 मध्ये अर्ज केला. 3 मार्च 2008 रोजी तिला 215758 क्रमांकाचे पेटंट मिळाले. पेटंट बायर कॉर्पोरेशन या अमेरिकेतील कंपनीच्या नावे होते आणि औषधाच्या विकासात कॅलिफोर्नियातील ऑनिक्स ही कंपनी भागीदार होती. कंपनी मूळची जर्मन असूनही या प्रकरणात सर्वांत मोठा आवाज वॉशिंग्टनमधून का उठला, हे यावरून लक्षात येईल.

नॅटको पुढे येण्याआधीच या औषधावर एक लढाई होऊन गेली होती. मुंबईच्या सिप्ला कंपनीने सोराफेनिबसाठी औषध नियंत्रकाकडे अर्ज केला, तेव्हा पेटंट असलेल्या औषधाच्या जेनेरिक रूपाला विक्रीची परवानगीच देऊ नये, अशी मागणी घेऊन बायर दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ती 2009 मध्ये फेटाळली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. औषध सुरक्षित व गुणकारी आहे की नाही एवढेच पाहण्याचे काम औषध नियंत्रकाचे आहे आणि पेटंटचा भंग झाला की नाही हे दिवाणी न्यायालयाने पाहायचे, हा त्या निर्णयाचा आशय. सिप्लाने 2010 मध्ये महिन्याला सुमारे 28 हजार रुपये दराने औषध बाजारात आणले आणि बायरने तिच्याविरुद्ध पेटंटभंगाचा दावा चालू ठेवला. हा दावा पुढे बायरलाच कसा अडचणीत आणतो ते येईलच.

6 डिसेंबर 2010 रोजी नॅटकोने बायरला पत्र लिहून स्वेच्छेने परवाना मागितला. बायरने त्याच महिन्यात नकार कळवला. कलम 84 खालचा अर्ज पेटंट मिळून तीन वर्षे झाल्याशिवाय करता येत नाही. ती मुदत मार्च 2011 मध्ये संपली आणि जुलैमध्ये नॅटकोने मुंबईच्या कार्यालयात अर्ज दाखल केला.

मुंबईतील निर्णय

कलम 84 मध्ये तीन कारणे आहेत: पेटंट केलेल्या वस्तूची जनतेची वाजवी गरज भागत नसणे, वस्तू परवडेल अशा वाजवी किमतीत मिळत नसणे, आणि भारताच्या भूमीवर त्या शोधाचा व्यावसायिक वापर होत नसणे. यांपैकी एक कारण सिद्ध झाले तरी पुरते. कुरियन यांनी तिन्ही सिद्ध झाल्याचे ठरवले.

इथे फॉर्म 27 जवळून पाहावा लागेल. पेटंट कायद्याच्या कलम 146 नुसार प्रत्येक पेटंटधारकाने आपला शोध भारतात वापरला जात आहे की नाही याचे विवरण द्यायचे असते, आणि ते ज्या नमुन्यात भरायचे तो हा फॉर्म. त्या काळी तो दरवर्षी 31 मार्चपर्यंत भरावा लागे आणि मागील वर्षाची माहिती त्यात द्यावी लागे. शोध वापरला गेला का, नसल्यास कारणे, असल्यास भारतात किती माल बनवला, किती व कोणत्या देशातून आयात केला, त्याची किंमत रुपयांत किती, वर्षभरात कोणाला परवाने दिले, आणि जनतेची गरज वाजवी किमतीत अंशतः भागली, पुरेशी भागली की पूर्ण भागली. एका पानात मावणारे हे प्रश्न कारकुनी स्वरूपाचे वाटतात. कंपन्याही ते तसेच भरत आणि कित्येक वर्षे कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहिले नव्हते.

बायरच्या विवरणानुसार 2008 मध्ये आयात शून्य होती आणि 2009 मध्ये सुमारे 200 बाटल्या. भारतात उत्पादन नव्हतेच. एका बाटलीत एका रुग्णाचा एक महिना, या हिशेबाने 200 बाटल्या म्हणजे जेमतेम 17 रुग्णांना वर्षभर पुरेल एवढे औषध. गरज किती, यावर दोन्ही बाजूंनी बराच वाद घातला. नॅटकोने यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीतून भारतातील वार्षिक रुग्णसंख्या काढून दाखवली, तर यातील प्रत्येकाला हे औषध लागतेच असे नाही, असे बायरने सांगितले, आणि ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबरही होते. पण बायरने स्वतः मांडलेली गरजही नऊ हजार रुग्णांच्या आसपास जात होती. 17 आणि नऊ हजार या दोन आकड्यांत एवढे अंतर होते की खरी रुग्णसंख्या काढण्याची गरजच उरली नाही.

यावर बायरचे उत्तर असे होते की सिप्लाचे औषधही बाजारात आहे, तोही पुरवठा मोजावा. एकीकडे सिप्लाला न्यायालयात पेटंटभंग करणारी म्हणायचे, तिची विक्री थांबवण्याचा आदेश मागायचा, आणि दुसरीकडे त्याच विक्रीवर बोट ठेवून जनतेची गरज भागत आहे असे सांगायचे, या दोन भूमिका एका वेळी टिकण्यासारख्या नव्हत्या. जो पुरवठा आज ना उद्या बंद पाडण्यासाठी पेटंटधारक स्वतः झटत आहे, तो त्याच्या खात्यावर जमा धरता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानेही पुढे मान्य केले.

किमतीच्या प्रश्नावर बायरने संशोधनाचा प्रचंड खर्च आणि अपयशी ठरणाऱ्या रेणूंची संख्या पुढे केली. हा युक्तिवाद पोकळ नाही. एका यशस्वी औषधामागे अनेक फसलेले प्रयत्न असतात आणि त्यांचा खर्च कुठून तरी निघावाच लागतो. पण या एका औषधावर नेमका किती खर्च झाला, याचा तपशील कंपनीने नियंत्रकांपुढे ठेवला नाही. डॉक्टरच्या शिफारशीवर काही रुग्णांना सवलतीत औषध देण्याची योजना होती, तीही पुढे केली गेली. तिचा उपयोग काहींना झाला असेल, पण कायद्यात 'जनतेला परवडेल' असे शब्द आहेत, निवडलेल्या रुग्णांना असे नव्हे. वाजवी किंमत कोणाच्या बाजूने मोजायची, उत्पादकाच्या की विकत घेणाऱ्याच्या, हा खरा प्रश्न होता, आणि नियंत्रकांनी तो मुख्यतः विकत घेणाऱ्याच्या बाजूने मोजला.

औषधाबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सोराफेनिब रोग बरा करत नाही. यकृताच्या कर्करोगातील ज्या प्रमुख चाचणीवर त्याची मान्यता उभी राहिली, तिच्यात रुग्णांचे मध्यम आयुर्मान 7.9 महिन्यांवरून 10.7 महिन्यांवर गेले. एवढ्या थोड्या लाभासाठी कायद्याचे इतके जड हत्यार कशाला, असे काही अर्थतज्ज्ञांनी विचारले. मला हा प्रश्न उलट वाटतो. पावणेतीन महिन्यांसाठी दर महिन्याला दोन लाख ऐंशी हजार रुपये उभे करायला निघालेले कुटुंब घर आणि शेत गहाण टाकते. रुग्ण गेल्यावर कर्ज मागे राहते. लाभ थोडा आहे म्हणूनच किमतीचा प्रश्न अधिक टोकदार होतो.

तिसरे कारण, भारताच्या भूमीवर वापर, हे सर्वांत वादग्रस्त ठरले. कुरियन यांनी निर्णय दिला की केवळ आयात म्हणजे वापर नव्हे. इथे ट्रिप्सचा अनुच्छेद 27.1 आडवा येतो, कारण माल आयात केलेला आहे की देशात बनवलेला, यावरून पेटंटच्या हक्कांत भेदभाव करू नये असे तो सांगतो. उलट पेटंटांविषयीच्या जुन्या पॅरिस करारातील अनुच्छेद 5 अ वापर न झाल्यास सक्तीचा परवाना देण्यास परवानगी देतो, आणि पॅरिस करार ट्रिप्सनेच आपल्यात सामावून घेतला आहे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे जागतिक व्यापार संघटनेच्या कोणत्याही लवादाने आजवर ठरवलेले नाही. 2000 साली अमेरिकेने ब्राझीलविरुद्ध नेमकी हीच तक्रार दाखल केली होती आणि 2001 मध्ये ती आपसात मिटवली गेली.

परवान्याच्या अटी

परवाना म्हणजे पेटंट हिसकावून घेणे, अशी समजूत अजूनही आढळते. म्हणून अटी नीट पाहाव्यात. पेटंट बायरचेच राहिले आणि तिला स्वतःचे औषध विकण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. नॅटकोला औषध स्वतःच्याच कारखान्यात बनवायचे होते, दुसऱ्याकडून बनवून घ्यायचे नव्हते, परवाना पुढे कोणाला द्यायचा नव्हता, विक्री भारतातच आणि या दोन कर्करोगांसाठीच करायची होती. आपले औषध बायरचे आहे असे भासवायचे नव्हते आणि गोळी दिसायलाही वेगळी ठेवायची होती. दरवर्षी किमान 600 गरजू रुग्णांना औषध मोफत द्यायचे होते. आणि निव्वळ विक्रीवर 6 टक्के स्वामित्वशुल्क बायरला द्यायचे होते. हा दर ठरवताना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने सुचवलेल्या 4 टक्क्यांच्या आसपास दोन टक्के वर-खाली या सूत्राची वरची मर्यादा घेतली गेली.

ट्रिप्सचा अनुच्छेद 31 शेजारी ठेवून पाहिले तर आदेशाची बांधणी दिसते. आधी स्वेच्छेचा परवाना मागितलेला असावा, परवाना अनन्य नसावा, हस्तांतरणीय नसावा, मुख्यतः देशांतर्गत बाजारासाठी असावा, पुरेसा मोबदला मिळावा, आणि निर्णयाची फेरतपासणी वरच्या प्राधिकरणाकडून व्हावी: या मागण्यांतील प्रत्येकीला आदेशात उत्तर आहे.

फेरतपासणी तीनदा झाली. चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने न्या. प्रभा श्रीदेवन यांच्या अध्यक्षतेखाली 4 मार्च 2013 रोजी परवाना कायम ठेवला आणि स्वामित्वशुल्क 7 टक्के केले. 15 जुलै 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती मोहित शहा व न्या. एम. एस. संकलेचा यांच्या खंडपीठाने बायरची याचिका फेटाळली. त्याच वर्षी 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. या वाटचालीत एक महत्त्वाची दुरुस्ती झाली: देशात उत्पादन केलेच पाहिजे ही कुरियन यांची कडक भूमिका मंडळाने आणि उच्च न्यायालयाने मवाळ केली. आयात हाही वापर असू शकतो, पण देशात उत्पादन का शक्य नाही हे पेटंटधारकाने दाखवून द्यायला हवे, असे त्यांनी ठरवले. बायरने ते दाखवले नव्हते. निकाल तोच राहिला, पण ट्रिप्सच्या दृष्टीने जी बाजू सर्वांत कमकुवत होती तिची धार या दुरुस्तीने गेली.

वॉशिंग्टनची प्रतिक्रिया

आदेश जाहीर झाला त्याच महिन्यात अमेरिकेचे वाणिज्यमंत्री जॉन ब्रायसन दिल्लीत आले होते आणि त्यांनी आपली चिंता वाणिज्यमंत्री आनंद शर्मा यांच्याकडे व्यक्त केली. जूनमध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे तीव्र नाराजी नोंदवली. 2013 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन समित्यांच्या सांगण्यावरून तिथल्याच आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने भारताच्या व्यापार व औद्योगिक धोरणांची चौकशी सुरू केली. आणि अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या 'विशेष 301' या वार्षिक अहवालात, जिथे भारत आधीपासूनच 'प्राधान्य निरीक्षण यादी'त होता, नेक्साव्हरचा उल्लेख होऊ लागला. ही यादी अमेरिकेच्याच 1974 च्या व्यापार कायद्यावर आधारलेली आहे. तिला आंतरराष्ट्रीय करारांत स्थान नाही, आणि तिच्यात नाव आले म्हणून लगेच शुल्क वाढते असेही नाही. ती दरवर्षी एप्रिलच्या सुमारास येते आणि पुढची वाटाघाट जणू त्या पानावरून सुरू होते. 2025 च्या अहवालातही भारत याच यादीत होता.

2013 च्या अखेरीस बायरचे तेव्हाचे प्रमुख मरायन डेकर्स यांचे एक विधान गाजले. हे औषध आपण भारतीय बाजारासाठी नव्हे, तर ज्यांना परवडते अशा पाश्चात्त्य रुग्णांसाठी विकसित केले, असा त्याचा आशय होता. कंपनीने पुढे खुलासा केला, पण मला ते विधान प्रामाणिक वाटते. पेटंटधारक एखाद्या देशातील एवढ्या मोठ्या रुग्णसंख्येला मुळात ग्राहकच धरत नसेल, तर 200 बाटल्यांचा आकडा हा हलगर्जीपणा उरत नाही. किमतीच्या धोरणातूनच तो निघालेला असतो.

याच कंपनीच्या बाबतीत अमेरिकेने स्वतः काय केले होते, तेही या संदर्भात आठवले पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2001 मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले आणि बायरच्या सिप्रो या प्रतिजैविकाचा मोठा साठा अमेरिकी सरकारला तातडीने हवा झाला. आरोग्यमंत्री टॉमी थॉम्प्सन यांनी पेटंट बाजूला सारून इतरांकडून औषध घेण्याचा पर्याय उघडपणे बोलून दाखवला आणि बायरने सरकारसाठी गोळीचा दर 1.77 डॉलरवरून 95 सेंटवर आणला. परवाना काढावाही लागला नाही. दोहा घोषणापत्र त्यानंतर काही आठवड्यांतच मंजूर झाले. सक्तीच्या परवान्याची खरी ताकद तो काढण्यात असते तितकीच तो काढला जाईल या विश्वासार्ह शक्यतेत असते, हे त्या प्रसंगाइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

एवढा गदारोळ होऊनही अमेरिकेने वा युरोपीय संघाने हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेच्या तंटानिवारण यंत्रणेकडे नेले नाही. माझ्या मते त्याचे कारण त्यांना निकालाची खात्री नव्हती हे आहे. तीनपैकी दोन कारणांवर परवाना भक्कम उभा होता, तिसऱ्याची धार भारतीय न्यायालयांनीच काढली होती, आणि हरल्यास तो निर्णय जगातील प्रत्येक विकसनशील देशाच्या हाती पडला असता. यादी, चौकशी आणि मंत्र्यांच्या भेटी यांत हरण्याचा धोका नसतो.

परवान्यानंतरची दहा-बारा वर्षे

नेक्साव्हरनंतर परवान्यांची रांग लागेल अशी भीती आणि अपेक्षा दोन्ही होत्या. तसे झाले नाही. मुंबईच्याच बीडीआर फार्मास्युटिकल्सने रक्ताच्या कर्करोगावरील डॅसॅटिनिबसाठी अर्ज केला. पेटंटधारक कंपनीने स्वेच्छा परवान्याच्या विनंतीवर काही प्रश्न विचारले होते आणि बीडीआरने त्यांना उत्तर न देता सुमारे वर्षभराने थेट सक्तीचा परवाना मागितला, म्हणून ऑक्टोबर 2013 मध्ये अर्ज फेटाळला गेला. मधुमेहावरील सॅक्साग्लिप्टिनसाठी ली फार्माचा अर्ज जानेवारी 2016 मध्ये फेटाळला गेला, कारण त्या वर्गातील इतर औषधे उपलब्ध असताना याच औषधाची गरज किती हे अर्जदाराला दाखवता आले नाही. दोन्ही निर्णय कायद्याच्या चौकटीत समर्थनीय आहेत. कोविडच्या काळात नॅटकोने बॅरिसिटिनिबसाठी अर्ज केला, तेव्हा पेटंटधारक एली लिलीने स्वेच्छेने परवाना दिला आणि अर्ज मागे घेतला गेला. सिप्रोचाच हा भारतीय प्रयोग म्हणता येईल. 2016 मध्ये अमेरिका-भारत व्यापार परिषदेने अमेरिकी व्यापार प्रतिनिधींना दिलेल्या निवेदनात, यापुढे व्यापारी कारणांसाठी सक्तीचे परवाने देणार नाही असे भारत सरकारने खासगीत सांगितल्याचे म्हटले. सरकारने याचा जाहीर इन्कार केला.

या सर्वांपेक्षा फॉर्म 27 चे पुढे काय झाले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. पेटंटधारक हा फॉर्म भरतच नाहीत किंवा अर्धवट भरतात, आणि कार्यालय त्यांच्यावर कारवाई करत नाही, म्हणून 2015 मध्ये प्रा. शमनाद बशीर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सरकारने सुधारणेचे आश्वासन दिले. त्याच काळात 'विशेष 301' अहवालांतून या फॉर्मबद्दल उलट दिशेची तक्रार येत होती: माहिती जाचक आहे आणि व्यापारी गुपिते उघड होतात. ऑक्टोबर 2020 मध्ये नवा फॉर्म आला आणि त्यातून मालाची संख्या गेली. उत्पादन व आयात यांची अंदाजे किंमत तेवढी राहिली. जनतेची गरज भागली का, हा प्रश्नही गेला. मार्च 2024 च्या नियमांनी विवरण दरवर्षीऐवजी तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचे असे ठरवले. हे नियम 15 मार्चला अधिसूचित झाले, आणि त्याच्या पाच दिवस आधी, 10 मार्चला, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिश्टेन्श्टाइन यांच्या युरोपीय मुक्त व्यापार संघाशी भारताचा करार झाला होता. स्वित्झर्लंड हे मोठ्या औषध कंपन्यांचे माहेरघर आहे, हे लक्षात घेता याला निव्वळ योगायोग मानणे मला जड जाते.

24 जुलै 2025 रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात तर औषधे उपलब्ध करून देण्याचा इष्ट मार्ग स्वेच्छेच्या परवान्यांचा आहे असे दोन्ही देशांनी लिहून दिले आहे, आणि पेटंटच्या वापराची माहिती तीन वर्षांपेक्षा कमी अंतराने मागायची नाही, हेही. सक्तीचा परवाना देण्याचा अधिकार या कराराने काढून घेतलेला नाही, असे सरकार म्हणते आणि शब्दशः ते खरे आहे. पण 2024 चा नियम बदलायचा तर तो आपल्या राजपत्रातून बदलता आला असता. तोच नियम करारात गेल्यावर त्याला हात लावण्यासाठी आधी लंडनशी बोलावे लागेल.

सोराफेनिबचे पेटंट जानेवारी 2020 मध्ये संपले आणि परवाना त्याच्याबरोबर संपला. आता हे औषध कोणीही बनवू शकतो. नव्या, पेटंट असलेल्या औषधासाठी आज कोणी कलम 84 खाली अर्ज करायचे ठरवले, तर त्याला गरज किती हे सांगता येईल, बाजारातील किंमत दुकानातून कळेल, पण देशात प्रत्यक्षात किती बाटल्या आल्या हा आकडा पेटंट कार्यालयाच्या कागदांत सापडणार नाही. तो पेटंटधारकाकडून मागून घ्यावा लागेल, त्यासाठी नियंत्रकांपुढे वेगळा अर्ज करावा लागेल, त्यावर हरकती येतील, आणि यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाकडे त्या चाचणीत जेवढा जादा वेळ दिसला होता, तेवढा तर या एका अर्जाच्या तारखांतच निघून जाईल.